सहा मीटर वर सरकलेलं गाव

फिलिपीन्सच्या पाम्पांगा प्रांतात डोंगर म्हटला की तो आरायात. भाताच्या सपाट जमिनीतून एकटाच उठलेला. उंची जेमतेम हजार मीटर, पण आसपास साधं टेकाडही नाही, त्यामुळे कुठूनही नजरेत भरतो. इथल्या कापाम्पांगान लोकांचा जुना देव, आपुंग सिनुकुआन, याच डोंगरावर राहतो. पश्चिमेच्या क्षितिजावर झाम्बालेसची रांग आहे आणि तिच्यात पिनातुबो. त्याचाही देव आहे, नामाल्यारी. पण त्याचा मान रानातल्या आएता लोकांकडे जास्त. मैदानातल्या शेतकऱ्याला १९९१ च्या आधी कुणी विचारलं असतं की त्या रांगेतला पिनातुबो नेमका कुठला, तर बोट दाखवणारे थोडेच निघाले असते. १७४५ मीटरांचा, रांगेत मिसळून गेलेला, पाचशे वर्षं गप्प असलेला डोंगर. आरायातवर ढग साठले की इकडचे लोक काळजीने वर बघायचे. गाव गाडलं ते मात्र पिनातुबोने, तेही पस्तीसेक किलोमीटर लांब राहून. त्या गावाचं नाव बाकोलोर.

मी पाटबंधारे खात्यात उभी हयात काढली. गाळ हा आमचा रोजचा विषय. धरणाचा आराखडा करतानाच तळाशी गाळासाठी मृत साठा राखून ठेवायचा आणि मग आपण राखलेल्या जागेतच गाळ बसेल अशी आशा करायची, असं आमचं शास्त्र. पुतणी मनिलात डॉक्टरकी शिकते, भारतातली बरीच मुलं हल्ली तिकडे जातात. तिला भेटायला गेलो होतो. तिच्या परीक्षा सुरू झाल्या आणि काकाने घरात बसून सारखा चहा मागू नये म्हणून तिनेच मला बाहेर काढलं. समुद्रकिनारे बघ म्हणाली. मी कोकणातला माणूस, समुद्र मला नवा नाही. गाळाखाली गेलेलं आणि तरीही चालू असलेलं गाव बघायला मिळणार असेल तर ते सोडून मी किनाऱ्यावर कशाला जाऊ?

मनिलाच्या कुबाव भागातून सान फर्नांदोची बस मिळते. वाट सरळ उत्तरेची. दोन्ही बाजूंना भातखाचरं, माशांची तळी आणि कारखान्यांचे पत्रे. सान फर्नांदो ही आज पाम्पांगाची राजधानी. मॉल, वाहतूक, नाताळातल्या प्रचंड कंदिलांचा लौकिक, सगळं तिच्या पदरात. तिथून ग्वाग्वाकडे जाणारी जीपनी धरायची आणि थोड्याच वेळात उतरायचं. जीपनीत पैसे हातोहात पुढे सरकतात. मागच्याने दिलेली नोट माझ्या हातातून ड्रायव्हरकडे गेली आणि सुटे पैसे त्याच वाटेने उलटे आले, मध्ये कुणी नाणं दाबलं नाही. जून सरत आला होता. इकडे नैर्ऋत्येच्या वाऱ्याला हाबागात म्हणतात. आपल्याकडे कोकणात भात लावायला घेतात तेव्हाच हाही पाऊस घेऊन येतो. वारा ओळखीचा असल्याचं समाधान फार टिकलं नाही, कारण याच वाऱ्याने हे गाव बुडवलं आहे.

रस्त्यावरून सान गिलेर्मोचं चर्च दिसतं तेव्हा पहिल्यांदा काय चुकतंय ते कळत नाही. दर्शनी भिंत रुंद आहे, बांधणी भक्कम आहे, पण इमारत बसकी वाटते. बारा मीटर उंचीच्या चर्चचा खालचा अर्धा भाग जमिनीत आहे. जमिनीतून वर आलंय ते चर्चचं अर्धं अंग. आत शिरताना कमानीचा माथा हाताला लागेल इतका जवळ येतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींत, ज्या खिडक्यांमधून एके काळी वरून उजेड पडायचा त्या आता कमरेच्या पातळीवर आल्या आहेत. एक मुलगा अशाच एका खिडकीच्या चौकटीत बसून मोबाइल बघत होता. त्याच्या पायाखाली सहा मीटरवर जुनी फरशी असेल.

चर्चची देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे आत्सी म्हणत होते, म्हणजे थोरली बहीण. मीही तेच म्हणालो. मी इंजिनिअर असल्याचं कळल्यावर त्या मला सरळ घुमटाखाली घेऊन गेल्या. तिथे सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी वेदी उभी आहे, रेताब्लो म्हणतात तिला. कोनाडे, खांब, संतांच्या मूर्ती, सगळं कोरीव. ही मूळची गाभाऱ्यातली. वाळूत गाडली गेली तेव्हा लोकांनी ती खणून, तुकड्यातुकड्याने वर काढली. पण उभी कुठे करायची? फरशी वर आल्यावर छत खाली आलं आणि वेदी मावेना. पुरेशी उंची उरली होती ती एकट्या घुमटाच्या पोटात. म्हणून ती पुढे सरकवून घुमटाखाली आणली. हे कुणा वास्तुतज्ज्ञाच्या कागदावरचं डोकं नसावं; ज्याने रोज त्या इमारतीत गुडघे टेकले आहेत त्यालाच सुचेल असं ते उत्तर वाटतं. आत्सी म्हणाल्या, ‘‘देवाला बसवायचं होतं, मग जागा सापडलीच.’’

या चर्चमध्ये २००९ साली ‘मे बुकास पा’ नावाच्या दूरदर्शन मालिकेचं चित्रण झालं. एक अनाथ मुलगा, चमत्कार, येशूशी गप्पा, असा मामला. साऱ्या देशाने ती बघितली आणि बाकोलोरला येणाऱ्यांची रीघ लागली. लहारने, म्हणजे पिनातुबोच्या राखेच्या ओल्या लोंढ्यांनी, जे केलं ते बघायला आले नसते इतके लोक मालिकेची जागा बघायला आले. आपल्याकडेही वेगळं काही घडत नाही, त्यामुळे मी हसलो नाही.

गाव मुळात जुनं. ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी इथे १५७६ च्या सुमारास पाया घातला. स्पॅनिश लोक मनिलात येऊन पाच वर्षं झाली होती. पाम्पांगा हे मनिलाचं भाताचं कोठार आणि पुढे उसाचं. नदीचं मैदान, दक्षिणेला मनिलाचा उपसागर, खाड्यांतून होड्या थेट गावाच्या जवळ. अशा जागी जमीनदार तयार व्हायला वेळ लागत नाही. बाकोलोरचे जमीनदार श्रीमंत झाले, शिकले, आणि आपण इतरांपेक्षा थोडे वरचे आहोत हे इतरांना जाणवू देण्यात त्यांनी कसूर केली नाही.

त्यांच्या तोऱ्याला एक ऐतिहासिक आधारही होता. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतली. युरोपातल्या सात वर्षांच्या युद्धात स्पेन फ्रान्सच्या बाजूने उतरला आणि त्याची शिक्षा इकडच्या टोकाला मिळाली. मनिलात तेव्हा हंगामी गव्हर्नर होते तिथले आर्चबिशप रोहो. त्यांनी शरणागती पत्करली. सिमोन दे आंदा नावाचा न्यायाधीश मात्र शहर पडायच्या आत निसटला. सोबत थोडे पैसे आणि सरकारी मुद्रांकाचे कागद. आधी बुलाकानात आणि मग बाकोलोरात येऊन त्याने जाहीर केलं की स्पॅनिश सरकार आता मी आहे. मुद्रांकाचा कागद ज्याच्याकडे, सरकार त्याचं, हे त्याला नीट ठाऊक होतं. खात्यात तीन दशकं काढलेल्या माणसाला तर हे पटतंच. दीड-पावणेदोन वर्षं हे छोटं गाव फिलिपीन्सच्या स्पॅनिश सत्तेची राजधानी होतं. इंग्रजांचा अंमल मनिला आणि कावितेच्या आसपास अडकून पडला. तह १७६३ मध्येच झाला होता, पण बातमी पोचायला जहाज लागायचं. १७६४ मध्ये इंग्रज निघून गेले. पुढे स्पेनच्या राजाने बाकोलोरला व्हिला हा मानाचा दर्जा दिला आणि गाव तो नावापुढे लावून मिरवू लागलं.

आपल्याला ही गोष्ट सांगण्याचं कारण वेगळं. मनिलावर आलेलं इंग्रजी आरमार मद्रासहून निघालं होतं आणि त्यात कंपनीचे शेकडो हिंदुस्थानी शिपाई होते. म्हणजे आंदाने बाकोलोरातून ज्यांच्याविरुद्ध लढा चालवला त्यांत आपल्याकडची माणसंही होती. इंग्रज परतले तेव्हा त्यांतले काही परतलेच नाहीत. मनिलाच्या पूर्वेला काइन्ता गावात ते राहिले, तिथल्या बायकांशी संसार थाटले. आत्सींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे तुम्ही आमचे शत्रू.’’ मग त्यांनी मला पाणी आणून दिलं.

साखरेच्या पैशातून नाटक उभं राहिलं. हा भाग ऐकताना मला घरी आल्यासारखं झालं. स्पेनमध्ये सार्सुएला नावाचा प्रकार आहे, अर्धा संवाद आणि अर्धं गाणं. तो मनिलात आला, लोकांना आवडला, आणि मग इथल्या लेखकांना वाटलं की हे आपल्या भाषेत का नको? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हा पारशी ऑपेराच्या धक्क्यातून त्यांच्या मनात जे आलं असेल, त्याच्या जवळचंच हे काहीतरी. १९०० मध्ये बाकोलोरच्या तेआत्रो साबिनात मारियानो प्रोसेसो पाबालान यांचं ‘इंग मानागपे’ झालं. फिलिपीन्सच्या देशी भाषेतली ही पहिली सार्सुएला मानतात. ती मनिलात झाली नाही, टागालोग भाषेत झाली नाही, कापाम्पांगानमध्ये आणि या गावात झाली, हे लोक अजून आवर्जून सांगतात. दोन वर्षांनी हुआन क्रिसोस्तोमो सोतो यांचं ‘आलांग दियोस’ आलं, म्हणजे ‘देव नाही’. चर्चच्या सावलीतल्या गावात नाटकाला असं नाव द्यायची हिंमत!

सोतो याच गावचे. पत्रकार, कवी, स्पेन आणि अमेरिका दोघांविरुद्धच्या लढ्यांत सामील झालेले. टोपणनाव क्रिसोत. त्यांच्या नावावरून कापाम्पांगान भाषेतल्या काव्यवादाला क्रिसोतान म्हणतात. दोन कवी समोरासमोर, एक विषय, पद्यातच सवाल आणि पद्यातच जबाब, आणि श्रोते कुणाची सरशी झाली ते टाळ्यांनी ठरवणार. कलगी आणि तुरा यांचे फड ऐकलेल्या मराठी माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की आमच्याकडे डफ आणि तुणतुणं असतं.

१९०४ मध्ये प्रांताची राजधानी सान फर्नांदोला गेली. मनिला ते दागुपान रेल्वे १८९२ मध्येच तिकडून गेली होती, आणि रेल्वे जाते तिकडे कचेऱ्या जातात हा नियम ब्रिटिशांच्या हिंदुस्थानात होता तसा अमेरिकनांच्या फिलिपीन्समध्येही लागू पडला असावा. बाकोलोर मागे पडलं. १८६१ मध्ये सुरू झालेली कारागिरीची शाळा तेवढी राहिली. पूर्वेकडच्या सर्वांत जुन्या तंत्रशाळांत तिची गणना होते आणि आज तिचं राज्य विद्यापीठ झालं आहे. १९४२ च्या एप्रिलमध्ये बाताआनहून जपान्यांनी उन्हात चालवत नेलेले अमेरिकन आणि फिलिपिनो युद्धकैदी याच रस्त्याने सान फर्नांदोच्या स्टेशनकडे गेले. त्या स्टेशनावर त्यांना मालडब्यांत कोंबलं. रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड ती आठवण सांगतात.

आता पिनातुबो.

१९९० च्या जुलैत लुझॉन बेटावर मोठा भूकंप झाला. १९९१ च्या एप्रिलमध्ये पिनातुबोच्या अंगातून वाफ उसळली. मग जे झालं ते ज्वालामुखीशास्त्राच्या इतिहासात चांगल्या कामाचा दाखला म्हणून सांगतात: रायमुंदो पुनोंगबायान यांच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो संस्थेने आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या, वेळेत सांगितलं, आणि हजारो लोक हलले. क्लार्क हवाई तळावरचे अमेरिकन १० जूनला निघाले. १५ जूनला डोंगर फुटला. विसाव्या शतकातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा उद्रेक. त्याच दिवशी दिदिंग नावाचं वादळ डोक्यावर होतं. पावसाने राख भिजली, ओली राख छपरांवर साठली, आणि मेलेल्यांतले बरेच लोक कोसळलेल्या छपरांखाली गेले. डोंगराची उंची अडीचशे मीटरांहून जास्त घटली. वर गेलेल्या गंधकाने पुढचं वर्षभर साऱ्या पृथ्वीचं तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास खाली आणलं.

बाकोलोर या सगळ्यातून मोठ्या अंशी उभं राहिलं. राख पडली, ती झाडली. संकट गेलं असं वाटलं. गेलं मात्र नव्हतं, ते डोंगराच्या उतारावर थांबलं होतं. पाच ते सहा घन किलोमीटर सैल, गरम राख आणि दगड दऱ्यांतून भरून बसले होते. आमच्या हिशेबात सांगायचं तर कोयनेचा शिवसागर जवळजवळ दोनदा काठोकाठ भरेल एवढा गाळ. त्याला अडवायला झाड नाही, गवत नाही. वरून हाबागातचा पाऊस. दरवर्षी. लहार हा शब्द जावा बेटावरून आला, पण तो इथे जेवढ्या वेळा उच्चारला गेला तेवढा जावात तरी गेला असेल का? पाणी त्या राखेत शिरलं की ओल्या काँक्रीटच्या घनतेचा लगदा उतारावरून सुटतो. मोठाले दगड तो तरंगवत नेतो. वेग ओसरला की तो जिथे आहे तिथे बसतो, आणि पाणी निथळून गेल्यावर जमीन म्हणून राहतो. पूर येतो तसा तो ओसरत नाही. पूर आणि लहार यांत हा फरक लोकांना पहिल्या वर्षी कळायला कठीण गेला, असं आत्सी म्हणाल्या. पाणी उतरेल म्हणून सगळे वाट पाहत बसले होते.

बाकोलोरकडे येणारी नदी पासिग-पोत्रेरो. तिच्या शेजारी उत्तरेला साकोबिया. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये दऱ्यांतल्या गरम थरात पाणी शिरून दुय्यम स्फोट झाले, माथ्यावरचा पाणलोट बदलला, आणि साकोबियाच्या वरच्या भागातलं पाणी पासिग-पोत्रेरोकडे वळलं. एका नदीने दुसरीचा माथा पळवला. भूगोलाच्या पुस्तकात नदीचौर्य म्हणून हे एक पान असतं, आणि तिथे त्याला हजारो वर्षं लागतात. इथे ते डोळ्यांदेखत झालं. ज्या गावाच्या वाट्याला एका नदीचा गाळ होता त्याच्या वाट्याला दोन नद्यांचा आला. इंजिनिअर म्हणून मला सगळ्या कहाणीत हे सर्वांत भयंकर वाटतं. बंधारा ज्या आकड्यांवर बांधला, ते आकडेच रातोरात खोटे ठरले.

१९९४ च्या सप्टेंबरात एक मोठा लोंढा आला. १९९५ च्या १ ऑक्टोबरला मामेंग वादळाच्या पावसात दुसरा. काबालान्तियान ही वस्ती त्यात गेली. ती फक्त गाडली गेली असं म्हणून भागत नाही, कारण लोक छपरांवर चढले होते आणि छपरांच्या वर चढायला काही नव्हतं. त्या एका पावसाळ्यात गावाच्या बहुतेक वस्त्या कित्येक मीटर वाळूखाली गेल्या. १९९० च्या गणतीत बाकोलोरची लोकसंख्या ६७ हजारांवर होती. १९९५ मध्ये ती १३ हजारांच्या आसपास आली.

मग राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांच्या काळात महाबंधारा उभा राहिला. लहारच्याच वाळूचे उंच भराव, नदीकडच्या अंगाला काँक्रीटचं कवच. मैदानात त्यांचं एक मोठं गाळकुंड तयार केलं, म्हणजे लोंढे आतच पसरून थांबावेत आणि सान फर्नांदो वाचावं. बाकोलोरचा बराचसा भाग या कुंडाच्या आत पडला. फिलिपिनो मूळचे अमेरिकेतले भूगर्भशास्त्रज्ञ केल्व्हिन रोदोल्फो यांनी १९९५ मध्येच लहारच्या राजकारणावर पुस्तक लिहिलं. त्यात सरकारी बंधाऱ्यांवर कडक टीका होती: भुसभुशीत मालाचे भराव भुसभुशीत मालाला अडवणार नाहीत, लोकांना खोटा धीर देऊ नका, माणसं हलवा.

मी त्या भरावावर चालून आलो. वर रस्ता आहे, उतारावर तालाहिब वाढलंय, म्हणजे आपलंच कासगवत. आमच्या धंद्यात टीकाकाराबद्दल मनात थोडी अढी असते, ती माझ्याही मनात होती. बंधारा आखणाऱ्यांच्या टेबलाशी मी बसलो असतो तर मीही सान फर्नांदो वाचवायचीच रेघ ओढली असती. तिथे लाखांनी माणसं, महामार्ग, रुग्णालयं. पण रेघ ओढणारा नेहमी रेघेच्या बाहेरच्या बाजूला उभा असतो, हे खात्यात असताना मी स्वतःशी कबूल करायचं टाळत आलो. आमच्या बुडीत क्षेत्रातल्या गावांना निदान नोटीस मिळायची, मोबदला ठरायचा, कमी ठरला तरी ठरायचा. बाकोलोर बुडीत क्षेत्र झालं ते आधी निसर्गाने आणि मग नकाशाने, आणि दोघांनीही विचारलं नाही. भराव टिकला हेही सांगायला हवं. रोदोल्फोंची भीती निराधार नव्हती, पण पुढच्या वर्षांत डोंगरावरचा माल हळूहळू कमी झाला आणि बंधाऱ्याची पुरती परीक्षा व्हायची राहिली.

माणसं हलवली होती. माबालाकातजवळ मादापदाप, सान फर्नांदोत बुलाओन, अशा पुनर्वसन वसाहतींत एका मापाची घरं ओळीने दिली. तिथे शेत नव्हतं, नदी नव्हती, आणि मुख्य म्हणजे गावातला मान नव्हता. लोक परत येऊ लागले. २०२० च्या गणतीत बाकोलोरमध्ये ४८ हजार लोक होते.

परतले म्हणजे खणून काढलं का? हा माझा पहिला प्रश्न होता आणि त्यावर ट्रायसिकल चालवणारा कोया, म्हणजे दादा, मोठ्याने हसला. खड्डा खणला तर त्यात पाणी येतं. सगळं गाव सहा मीटर उंचावलं असताना एक घर खाली ठेवलं तर ती विहीर होते. म्हणून लोकांनी उलट केलं. घर उचललं. लाकडी घर असेल तर जॅक लावून, खाली ओंडके सरकवत. काँक्रीटचं असेल तर वरचा मजला तळमजला केला आणि त्यावर नवा मजला चढवला. त्याच्या घरी त्याने मला नेलं. स्वयंपाकघराची खिडकी जमिनीलगत, तिला शिंपल्याची जुनी तावदानं. ‘‘खाली जेवणघर आहे,’’ तो म्हणाला, ‘‘आजीचं टेबल तिथेच आहे. जड होतं, उचलता आलं नाही.’’ टेबल कुठे असेल ते त्याने पायाने जमिनीवर दाखवलं. त्याच्या बायकोने पानावर तिबोक-तिबोक आणून ठेवलं: म्हशीच्या दुधाचा थरथरता पांढरा पदार्थ, वर नारळाच्या दुधाचा तळून झालेला चोथा. खरवसाचा चुलतभाऊ म्हणावा असा. मी दुसरा तुकडा मागितला.

हद्दी कशा ठरवल्या, हे मी विचारलं, कारण खात्यातल्या माणसाला झोप न येऊ देणारा प्रश्न तोच. सहा मीटर वाळू पडल्यावर बांध कुठला आणि दगड कुठला? कोया म्हणाला, आंब्याच्या झाडांचे शेंडे वर होते काही दिवस, विजेच्या खांबांची टोकं होती, चर्च होतं. चर्चपासून आमचं घर किती पावलं ते आई सांगायची. कागद होते त्यांनी मोजणीदार आणले, नव्हते त्यांनी आई आणली. भांडणं झाली का, विचारल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं आणि दोघंही गप्प बसले. नोव्हेंबरात व्हर्जेन दे ला नावालचा उत्सव असतो. तेव्हा वसाहतींत राहिलेलेही गावात येतात, आणि भांडणं त्या दिवसात बंद असतात, असं नंतर तो म्हणाला.

आता ती वाळू विकली जाते. मनिलाची बांधकामं चालू आहेत तोवर पाम्पांगाच्या लहारला मागणी आहे. पोराकच्या बाजूने ट्रकांच्या रांगा निघतात, रस्ते उखडतात, धूळ उडते. या वाळूवर प्रांत कर घेतो. तो कुणाच्या खिशात जातो यावर इथल्या राजकारणाची एक अख्खी निवडणूक झाली. २००७ मध्ये एदी पानलिलिओ नावाचे कॅथलिक पाद्री, लोक त्यांना आमोंग एद म्हणतात, चर्चचं काम बाजूला ठेवून गव्हर्नरपदाला उभे राहिले आणि हजारभर मतांच्या फरकाने निवडून आले. त्यांच्या कारभारात वाळूच्या कराची वसुली एकदम वाढली, दिवसाला दहा लाख पेसोंच्या घरात गेली. वाळू तीच, ट्रक तेच, पावत्या नव्या. पुढच्या निवडणुकीत ते हरले. आमच्याकडच्या नदीकाठच्या तालुक्यातल्या कुठल्याही तलाठ्याला ही गोष्ट सांगा, तो आश्चर्य दाखवणार नाही.

खालच्या अंगाची गावं, मासांतोल, माकाबेबे, सास्मुआन, ही खाडीकाठची. नद्यांचे तळ लहारने वर आले, बेसुमार भूजल उपसून जमीन खचते आहे, आणि वर समुद्र. तिथे पावसाळ्यात पाणी महिनामहिना दारात असतं. बाकोलोरच्या पायाखाली आता सहा मीटर भराव आहे. या विसंगतीवर बाकोलोरचे लोक विनोद करत नाहीत, निदान माझ्यासमोर तरी केला नाही.

दुपारी ग्वाग्वाची जीपनी पकडली, बेतिसचं चर्च बघायचं होतं. तेही ऑगस्टिनियनांचं, आणि बेतिस हे लाकूड कोरणाऱ्यांचं गाव, त्यामुळे लाकूडकाम बघण्यासारखं. छतावर रंगवलेले संत आणि देवदूत असे उभे केलेत की सपाट फळीला खोली आल्याचा भास होतो. पण माझी नजर सारखी भिंतीवर जात होती. जमिनीपासून सहा मीटर म्हणजे किती, ते डोळ्याने मोजत होतो. खालचे कोनाडे गेले, प्रवचनाचा लाकडी मंच गेला, बाजूच्या वेद्या गेल्या. हे सगळं बाकोलोरला फरशीखाली आहे आणि इथे ते मेणबत्त्यांच्या उजेडात झळकत होतं. मेणबत्त्या विकणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, कुठून आलात? बाकोलोरहून, मी म्हणालो. मी खिशात हात घालून दानपेटीकडे वळलो तेव्हा तो मागून म्हणाला, ‘‘तिथल्या पेटीत टाकलेत ना? मग इथे नाही टाकलेत तरी चालेल.’’